कागदावर न उतरलेले ढग

साहेबांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला आणि ते तीन आठवडे ऑफिसला आले नाहीत. मी तिथे लागल्यापासून असं पहिल्यांदाच होत होतं.

दादरला पश्चिमेला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. खोल्या तीन, माणसं पाच. साहेब स्ट्रक्चरल इंजिनिअर, मूळचे गिरगावातले, सत्तरीला टेकलेले. इमारतीचा कुठला खांब किती जाड हवा, कुठल्या स्लॅबमध्ये किती सळ्या हव्यात हे ते ठरवतात. ते कॉम्प्युटरवर काढून, कागदावर छापून साइटवर पाठवायचं काम माझं. मी ड्राफ्ट्समन. बाई असले तरी आमच्या धंद्यात हाच शब्द चालतो.

साहेबांची एक सवय होती. कुठल्याही ड्रॉइंगचा पहिला प्रिंट आला की तो खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर पसरायचा, चार कोपऱ्यांवर चार वजनं ठेवायची आणि हातात पट्टी घेऊन वरून खाली वाचायचा. ड्रॉइंगमध्ये बदल झाला की त्याला नवा नंबर मिळतो. आर-वन, आर-टू, आर-थ्री. पण नुसत्या नंबरावर भागत नाही. जिथे बदल झालाय त्या भागाभोवती नागमोडी रेघेचं एक कडं काढायचं असतं, लहान मुलं चित्रात ढग काढतात तसं. बाकी सगळे त्याला क्लाउड म्हणतात, साहेब ढगच म्हणतात. ढगाच्या शेजारी छोटा त्रिकोण, त्रिकोणात बदलाचा नंबर.

"साइटवरचा माणूस ड्रॉइंग वाचत नाही," साहेब म्हणायचे. "जुना कागद आणि नवा कागद शेजारी शेजारी ठेवतो आणि काय बदललं ते शोधतो. ते त्याला आपण दाखवायचं. नाही दाखवलं, तर तो समजणार काहीच बदललं नाही."

हे मी इतक्या वेळा ऐकलं होतं की ते कानावर पडायचं बंद झालं होतं.

त्या तीन आठवड्यांत खिडकीजवळच्या टेबलावर एकही कागद पसरला गेला नाही. मी पसरायला हवा होता. कुणी मला नको म्हटलं नव्हतं.

त्याच दिवसांत परळच्या कामाचा नवा फॉरमॅट आला. परळला गिरणीच्या जागेवर ऑफिसांचा एक टॉवर उठत होता आणि त्याचं स्ट्रक्चर आमच्याकडे होतं. त्या कामाच्या मॅनेजमेंट कंपनीने सगळ्या कन्सल्टंटना एकच कोरी फाइल पाठवली. सगळ्यांच्या ड्रॉइंगची चौकट एकसारखी हवी, कोपऱ्यातला तक्ता एकसारखा हवा, लेयरची नावं एकसारखी हवीत. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखी सोय. खांब एका लेयरवर, सळ्या दुसऱ्यावर, मापं तिसऱ्यावर. ढगासाठी त्यांनी एक वेगळा लेयर नेमून दिला होता. तक्त्यात, बदल काय झाला ते लिहायच्या रकान्यात, आधीच छापलेलं होतं, 'जनरल रिव्हिजन'. पूर्वी तिथे मी पूर्ण वाक्य लिहायचे. आता जागाच नव्हती. मी ते तसंच ठेवलं.

नवव्या मजल्याचा आर-थ्री मी याच फॉरमॅटमध्ये काढला. आठव्यालाही हाच कागद लागू होता, पण त्याचं काँक्रीट तोवर आर-टूप्रमाणे पडलं असेल असं आम्ही धरलं होतं.

त्या मजल्याबद्दल थोडं सांगायला हवं. असल्या टॉवरमध्ये स्लॅबला आधार देणाऱ्या तुळया कमी असतात. त्याऐवजी काँक्रीटच्या पोटात पोलादी तारांच्या जुड्या टाकतात. साइटवर त्याला केबल म्हणतात. काँक्रीट घट्ट झालं की त्या केबल जॅक लावून ताणतात आणि स्लॅबच्या कडेला पाचर मारून तशाच ताणलेल्या ठेवतात, कायमच्या. मग त्यांच्या भोवतालच्या नळीत सिमेंटचं पाणी भरतात, त्याला ग्राउट म्हणतात. ते भरेपर्यंत केबल आत मोकळी असते. वरून स्लॅब साधी जमीन दिसते. माणसं त्यावर डबा खातात, झोपतात. खाली काय ताणून धरलंय ते फक्त ड्रॉइंगवर दिसतं.

आर-थ्रीमध्ये आर्किटेक्टने संडास-बाथरूमची भिंत सरकवली होती, म्हणून आम्ही चार केबलचं वळण बदललं. जिथे आर-टूमध्ये मोकळं काँक्रीट होतं तिथून आता केबल जात होत्या. मी चारही ठिकाणी ढग काढले. स्क्रीनवर ते लालभडक दिसत होते. सहा प्रिंट काढले, घडी घातली, शिक्के मारले आणि साइटवर पाठवून दिले.

केबल टाकणाऱ्या टोळीला काहीच अडचण आली नाही. ते जुना कागद बघतच नाहीत. नव्यावरची मापं घेतात आणि केबल टाकतात.

जुना कागद बघायचा माझा काका.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. लालबागला आम्ही एकाच इमारतीत राहतो, तो आणि काकी खालच्या मजल्यावर. मालवणकडून आला तो विशीत, आणि तेव्हापासून नळाचंच काम केलं. आता त्या टॉवरवर प्लंबिंगच्या कॉन्ट्रॅक्टरकडे सुपरवायझर होता. मुंबईत चाळीस वर्षं काढून त्याची भाषा अर्धी मुंबईची झाली होती, पण माझ्याशी बोलताना तो मालवणीवर यायचा. "काय गो बाय, तुमच्या सायबाची चित्रां आमका कळनत नाय," असं म्हणायचा आणि सगळं बरोबर कळलेलं असायचं.

काकाच्या शर्टाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत नवव्या मजल्याचा आर-टू होता. घड्यांवर फाटलेला, चिकटपट्टी लावलेला. त्यावर त्याने पेन्सिलीने स्वतःची मापं लिहिली होती, कुठून पाइप खाली उतरवायचा, कुठे स्लॅबला भोक पाडायचं. नवा आर-थ्री आला तेव्हा त्याने दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले, गुडघ्यावर बसून नीट बघितले. ढग कुठेच नाही. तक्त्यात 'जनरल रिव्हिजन'. त्याने साइट इंजिनिअरला विचारलं. त्यानेही बघितलं आणि सांगितलं, काही बदल नाही, जुन्यावरच चालू दे. मग काकाने नवा कागद फायलीला लावला आणि पेन्सिलीच्या खुणांचा जुना परत खिशात ठेवला. त्याने सगळं नियमाने केलं होतं. हे मला नंतर कळलं.

साहेब परत आले त्या सकाळी त्यांना काळा चष्मा होता. आल्या आल्या म्हणाले, "परळचं काय चाललंय? एखादा प्रिंट दाखव."

अकराव्या मजल्याचा बदल तयार होता. मी प्रिंट काढून टेबलावर पसरला. साहेबांनी चारही वजनं ठेवली आणि पट्टी घेऊन वाकले. बराच वेळ वाकलेले होते.

"ढग कुठायत?" त्यांनी विचारलं.

"आहेत ना साहेब, पाच ठिकाणी."

"मला दिसत नाहीत."

मला वाटलं, डोळा. नुकतंच ऑपरेशन झालंय, काळा चष्मा आहे, लाल रेघ दिसत नसेल. मी जरा समजुतीच्या स्वरात म्हटलं, "इकडे बघा, जिन्याजवळ," आणि कागदावर बोट ठेवलं. बोटाखाली केबल होती, मापं होती. ढग नव्हता. दुसऱ्या ठिकाणी बोट ठेवलं. तिथेही नव्हता.

मी कॉम्प्युटरकडे वळून बघितलं. स्क्रीनवर पाचही ढग होते.

लेयरची यादी उघडली. प्रत्येक लेयरच्या ओळीत प्रिंटरचं एक बारीक चित्र असतं. ढगाच्या लेयरसमोरच्या चित्रावर आडवी फुली होती. म्हणजे हा लेयर डोळ्यांना दिसेल, कागदावर उतरणार नाही. फॉरमॅट आला तेव्हापासून ती फुली तिथे होती. नखाएवढी. मी रोज ती यादी उघडत होते.

साहेबांनी चष्मा काढला. डोळा लाल होता. "या फॉरमॅटमध्ये आणखी काय गेलंय?"

"नववा," मी म्हटलं. "नवव्याचा आर-थ्री."

"कधी?"

"तुम्ही गेलात त्याच आठवड्यात."

साहेबांनी टेबलावरचा फोन माझ्याकडे सरकवला.

साइट इंजिनिअरने लगेच उचलला. चांगला मुलगा, नेहमी हसत बोलणारा. मी म्हटलं, नवव्या मजल्याच्या आर-थ्रीबद्दल बोलायचंय. तो म्हणाला, "हां मॅडम, त्यात काहीच बदल नव्हता ना? मी सगळ्यांना सांगून टाकलं, जुन्यावरच चालवा म्हणून."

"नवव्यावर आत्ता काय चालू आहे?"

"कोअर कटिंग. बाथरूमची भोकं. तुमचे काकाच आहेत की वर."

"ताबडतोब थांबवा. केबल सरकल्यायत. ग्राउट झालंय का नवव्याला?"

तो म्हणाला, "पंप बिघडलाय मॅडम. नवव्याचं ग्राउट राहिलंय." आणि मग, "मी खाली गेटवर आहे. वर जातो." त्याच्या धावण्याचा आवाज आला आणि फोन बंद झाला. गेटपासून नवव्या मजल्यावर जायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. सामानाची लिफ्ट रिकामी मिळाली तर गोष्ट वेगळी.

मी माझ्या मोबाइलवरून काकाला लावला. रिंग पूर्ण वाजली, उचलला नाही. परत लावला. परत नाही. कोअरचं मशीन चालू असलं की खिशातला फोन कळत नाही. तिसऱ्यांदा लावला तेव्हा उचलला आणि माझ्या कानात नुसता यंत्राचा घरघराट आला.

"काका!"

"कोण? थांब गो, हंय आयकाक येत नाय. भायर जातंय."

स्लॅबच्या बाहेरच्या बाजूला परांची बांधलेली होती. फळ्या स्लॅबपेक्षा गुडघाभर खाली. तिथे जायला मनाई होती, पण आत नीट ऐकू यायचं नाही म्हणून फोन आला की सगळेच तिथे उतरायचे. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला फक्त घरघर कमी झालेली कळली. मग वारा, खाली दूरवर गाड्यांचे हॉर्न, आणि काकाचा स्वच्छ आवाज.

"हां, बोल आता."

"काका, मशीन बंद करायला सांग, मशीन बंद—"

मोठा आवाज झाला नाही. नुसता एक टणत्कार झाला, कडक आणि आखूड. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, आणि मग वारा. फोन चालूच होता. वारा येत राहिला. थोड्या वेळाने लांबून माणसांचा ओरडा ऐकू आला. मी "काका, काका" म्हणत होते. साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतःच्या कानाला लावून उभे राहिले.

मशीनने केबल कापली होती. कापलेली केबल ज्या वेगाने आखडते त्या वेगाने ती दुसऱ्या टोकाला, स्लॅबच्या कडेतून पाचर उडवून बाहेर आली. स्लॅबच्या त्याच कडेखाली, परांचीच्या फळीवर, फोन कानाला लावून काका उभा होता. मशीनपाशी असलेल्या दोघांना खरचटलंसुद्धा नाही.

टॅक्सीने परळला पोहोचेपर्यंत काकाला हॉस्पिटलात नेलं होतं. साइटपासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली चेचला होता. परांचीला बांधलेल्या जाळीमुळे तो खाली पडला नाही. काकी माझ्या आधी आली होती आणि बाकावर पदर तोंडाशी धरून बसली होती. डॉक्टर म्हणाले, बघू. दुसऱ्या दिवशीही म्हणाले, बघू. त्या बघूमध्ये काय आहे ते आम्हाला चौथ्या दिवशी कळलं. पाय गुडघ्याखालून काढावा लागला.

काका शुद्धीवर होता तेव्हा, पहिल्याच संध्याकाळी, त्याने मला जवळ बोलावलं. तोंड सुकलेलं होतं. हळू आवाजात विचारलं, "फोन कित्याक केलंस गो?"

काकी शेजारी उभी होती.

"सहजच केला होता, काका," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि डोळे मिटले. काकीने मात्र ते ऐकलं. पुढचे कितीतरी दिवस ती माझ्याशी मोजकंच बोलायची. एकदा चहाचा कप माझ्या हातात देताना म्हणाली, "कामाच्या वेळी सहज कशाला फोन करायचा माणसाला?" मी कप घेतला.

आठवड्याने साइटवरच्या केबिनमध्ये मीटिंग झाली. मॅनेजमेंट कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर, साइट इंजिनिअर, साहेब आणि मी. टेबलावर मधोमध काकाचा आर-टू ठेवला होता, त्याच्या खिशातून काढलेला. पिशवीच्या आत एक तपकिरी डाग होता.

प्रोजेक्ट मॅनेजर शांत स्वभावाचा माणूस. त्याने आवाज न चढवता सांगितलं, "गोष्ट स्पष्ट आहे. नवीन ड्रॉइंग साइटवर होतं. सुपरवायझरने जुनं वापरलं. तसा रिपोर्ट जाईल."

साइट इंजिनिअर खाली बघत होता.

"नवीन ड्रॉइंगवर बदल दाखवलेला नव्हता," मी म्हटलं.

"दाखवलेला नव्हता?" प्रोजेक्ट मॅनेजरने लॅपटॉप उघडला, माझीच फाइल काढली आणि स्क्रीन सगळ्यांकडे फिरवली. नवव्या मजल्यावर चार लाल ढग. "मग हे काय आहे, मॅडम?"

सगळ्यांनी बघितलं. साइट इंजिनिअरने मान वर करून बघितलं आणि त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, आपलंच चुकलं.

"प्रिंट काढा," मी म्हटलं.

"काय गरज आहे? दिसतंय की."

"काढा तुम्ही," साहेब म्हणाले.

केबिनच्या कोपऱ्यात ड्रॉइंग छापायचा मोठा प्लॉटर होता. त्याने बटण दाबलं. प्लॉटर थोडा वेळ कुरकुरला, मग कागद बोटभर बोटभर पुढे सरकू लागला. आधी चौकट आली. मग खांबांची रांग. मग केबल, एकेक करून. मला एक वेडी भीती वाटत होती की आज ढग उमटतील. आज नेमके उमटतील, आणि मग काकाचंच चुकलं हे कायमचं ठरेल. बाथरूमचा भाग आला आणि मशीनबाहेर लोंबू लागला. तिथे केबल होत्या, मापं होती. ढग नव्हता.

कागद पूर्ण बाहेर आला आणि पात्याने कापला गेला. साहेबांनी तो उचलून आर-टूच्या शेजारी ठेवला.

"आता मला फरक दाखवा," ते प्रोजेक्ट मॅनेजरला म्हणाले.

त्याने दोन्ही कागदांवरून नजर फिरवली. एकदा, दोनदा. मग लॅपटॉपकडे, मग परत कागदाकडे. शेवटी म्हणाला, "हा फॉरमॅट आमचा आहे."

"होय."

"हा सगळ्यांकडे गेलाय. लिफ्ट, इलेक्ट्रिकल, फायर."

बाहेर क्रेनचा भोंगा वाजला. त्याने लॅपटॉप मिटला आणि म्हणाला, "हे मी बघतो. पण या खोलीबाहेर बोलायची गरज नाही. बाकीच्या मजल्यांना धोका नाही. आठव्याचं काँक्रीट तर आर-थ्री यायच्या आधीच पडलंय, रजिस्टरला आहे."

आम्ही दादरला परतलो. ऑफिसात आल्यावर साहेबांनी कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हाताने लिहायला बसले. सगळ्या कन्सल्टंटना पत्र. फॉरमॅटमध्ये काय दोष आहे, तो कसा ओळखायचा, छापलेला प्रत्येक प्रिंट परत मागवून बघा. शेवटी त्यांनी लिहिलं की हा कागद आमच्या ऑफिसातून तपासल्याशिवाय गेला, ती जबाबदारी त्यांची स्वतःची. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही नव्हतात."

"म्हणूनच," ते म्हणाले.

पत्राखाली मीही सही केली. त्यांनी नको म्हटलं नाही. सुपरवायझरची चूक नाही, हे रिपोर्टात आलं. साइट इंजिनिअरने तसा जबाब दिला, आणि त्याला तो सोपा गेला नसणार. पत्र तीन ठिकाणी गेलं, उत्तरं दोनच आली.

काका घरी आला त्यानंतर काही दिवसांनी मी खाली गेले. दुपारची वेळ होती. काकी बाजारात गेली होती, ती नसताना जायचं म्हणूनच मी ती वेळ धरली होती. काका खाटेवर पाठीला उशी लावून बसला होता. मी त्याच्यासमोर नवव्या मजल्याचा नवा प्रिंट उघडला, दुरुस्त केलेला, चारही ढगांसकट. त्याने चष्मा लावून बघितला. एका ढगाच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"ह्यो असतो काय तो," तो म्हणाला. "ह्यो असतो तर मी थंय भोक मारलंयच नसतंय."

"माहितीये मला."

मग मी सगळं सांगितलं. फुली, साहेबांचं टेबल, 'जनरल रिव्हिजन'. आणि फोन. "काका, मी सहज नव्हता केला. मशीन थांबवायला केला होता. मी फोन केला नसता तर तू कडेला गेला नसतास."

तो प्रिंटची घडी घालत होता. घाई न करता, कोपऱ्याला कोपरा जुळवून.

"माका आयकाक इला होता," तो म्हणाला. "'मशीन बंद' म्हणालंस ता. मी हात वर केलंय, मशीनवाल्याक थांबवूक. तेवढ्यात झाला."

"मग हॉस्पिटलात मला विचारलंस कशाला?"

"तू सांगतंस काय, ता बघूक."

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. घडी उशाशी ठेवून तो बोलला, वेगळंच काहीतरी, जसं काही घडी घालताना तो त्याच गोष्टीचा विचार करत होता.

"आठव्यार पण एकदा मशीन अडाकला होता."

"काय?"

"आठव्या मजल्यार. ह्याच बाथरूमाक. पाण्यातसून लोखंडाचो चुरो इलो. माका वाटला सळी लागली. सळयो नेहमीच लागतत. भोक पुरा केला आणि दुसऱ्याक लागलो."

"पण आठव्याचं काँक्रीट आधीच पडलं होतं. आर-टूवर."

"कोण म्हणता? केबलवाले दोन दिस उशिरा इले होते. त्यांच्या हातात नवो कागद होतो. मी बघलंय."

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. साहेबांनी एकच विचारलं, आठव्याला ग्राउट झालं होतं का. मी काकाला विचारलं. झालं होतं. म्हणूनच तिथे काही उडालं नव्हतं. सिमेंटने धरून ठेवली होती. कापलेली केबल दोन्ही बाजूंनी काँक्रीटच्या पोटात गप्प पडून होती आणि तिच्यावरची जमीन तिच्याच भरवशावर होती.

तासाभरात आम्ही परळला होतो. साहेब, मी, आणि काँक्रीटच्या आतलं दाखवणारं मशीन घेऊन आलेला एक माणूस. आठव्यावर आता कुणी काम करत नव्हतं, बाथरूमच्या भिंतीही उठल्या होत्या. जागा कोरडी आणि रिकामी म्हणून त्या मजल्याचं गोदाम केलं होतं. भिंतीलगत लाद्यांची खोकी रचलेली. छातीएवढी उंच, एकाला एक लागून, जिन्यापासून बाथरूमपर्यंत.

साहेब खोक्यांच्या फटीतून आडवे होऊन आत गेले, भोकापाशी उकिडवे बसले आणि टॉर्च खाली धरला. मी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघितलं. भोकाच्या कडेला, काँक्रीटच्या राखाडी रंगात, तारांची तोंडं चकाकत होती. एका ओळीत, स्वच्छ कापलेली.

मशीनवाल्याने चाकांचं यंत्र जमिनीवरून फिरवलं, आणि शेजारच्या भोकापाशीही थांबून मान हलवली. दोन.

साहेब उठले. त्यांनी एकदा खोक्यांकडे बघितलं, एकदा खाली जमिनीकडे. लादीच्या खोक्यांपासून पसरलेली केसाएवढी बारीक एक भेग माझ्या चपलेखालून जात होती. ती मी त्यांच्या नजरेमागून बघितली.

"खाली सातव्यावर कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"प्लास्टरवाले," माझ्यामागून साइट इंजिनिअर म्हणाला. तो कधी वर आला ते मला कळलं नव्हतं.

"किती जण?"

"बारा-तेरा."

"त्यांना बाहेर काढ," साहेब हळू आवाजात म्हणाले. "ओरडू नकोस. कुणी पळू नये. खोक्यांना आत्ता हात लावायचा नाही." मग माझ्याकडे वळून, "तूही चल, सावकाश."

आम्ही भिंत धरून जिन्याकडे चाललो. साहेब माझ्या पुढे होते आणि प्रत्येक पाऊल टाकायच्या आधी टॉर्च जमिनीवर धरत होते. सातव्या मजल्यावर माणसं थापी खाली ठेवून एकामागे एक उतरत होती. कुणीतरी विचारत होतं काय झालं म्हणून, आणि कुणी सांगत नव्हतं.

स्लॅब पडला नाही. खालून लोखंडी टेकू लावले, मग दोन दिवस हाताने एकेक खोकं उतरवलं, आणि शेवटी त्या जागेखाली पोलादी तुळई घातली. ती आता फॉल्स सीलिंगच्या वर आहे. तिथे एक मोठं ऑफिस आलंय. तिसऱ्या पत्राचं उत्तर मात्र आलं नाही. आग लागली तर पाणी कुठून येईल आणि माणसं कुठल्या दाराने बाहेर पडतील ते ज्यांच्या ड्रॉइंगवर आहे, त्यांच्याकडून. साहेबांनी दोनदा आठवण पाठवली. शेवटी मीच फोन केला. पलीकडच्या माणसाने नम्रपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्याकडे सगळं बरोबर आहे, मॅडम. स्क्रीनवर बघितलंय मी."